तात्पर्य नको, पालुपद हवे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पावणेसहा वर्षांची असून पहिलीत आहे. बाराखडी म्हणते, सुटी अक्षरे ओळखते, पण शब्द समोर आला की अडते. आईने परीकथांची चार-पाच पुस्तके आणली आहेत आणि त्यांतून वाचनही व्हावे, बऱ्यावाईटाची समजही यावी अशी तिची इच्छा आहे. मात्र प्रत्येक गोष्टीनंतर ‘यातून काय शिकलीस?’ असे विचारले की मुलगी उठून जाते. शिवाय लांडगा आजीला खातो, सावत्र आई मुलांना जंगलात सोडते, हे प्रसंग सांगावेत की गाळावेत, असा आईला प्रश्न पडला आहे.

बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या वर्गांवर मी 28 वर्षे शिकवले आहे. त्या अनुभवावरून सांगते की मुलगी उठून जाते यात तिचे काही चुकत नाही. गोष्ट रंगात आलेली असताना तिची परीक्षा सुरू होते आणि परीक्षेपासून दूर जाणे हा तिच्या वयाचा सरळ प्रतिसाद आहे. तुमचे दोन्ही हेतू एकाच गोष्टीतून साधू शकतात, पण त्यासाठी क्रम बदलावा लागेल. गोष्ट आधी कानावर पडून तिच्या ओठांवर यावी, त्यानंतरच ती कागदावर दिसावी, आणि प्रश्न असे विचारावेत की उत्तर शोधण्यासाठी तिला पुन्हा त्या कागदाकडेच यावे लागेल.

सुरुवात आणलेल्या पुस्तकांपासून न करता चिऊ-काऊच्या गोष्टीपासून करा. ही गोष्ट तिने आजीकडून किंवा तुमच्याकडून वीस वेळा तरी ऐकली असेल. ‘काऊचं घर होतं शेणाचं, चिऊचं घर होतं मेणाचं’ हे वाक्य तिला पाठ आहे, आणि इथे पाठ असणे फार उपयोगाचे आहे. नवीन वाचणारे मूल ‘शे-णा-चं’ असे एकेक अक्षर लावत जाते, तेव्हा शेवटच्या अक्षरापाशी पोहोचेपर्यंत पहिले अक्षर त्याच्या मनातून निसटलेले असते, कारण त्याची सगळी शक्ती अक्षर ओळखण्यातच खर्च होते. तुमची मुलगी शब्दापाशी अडते ती बहुधा याच कारणाने. गोष्ट ओठांवर असली की शब्द तिची वाट पाहत उभा असतो, पहिल्या अक्षराचा आधार मिळताच तो तोंडातून बाहेर पडतो आणि मग डोळे त्याची खात्री करून घेतात.

पहिले तीन दिवस पुस्तक हातात घेऊ नका. रोज एकदा गोष्ट सांगा आणि पालुपद आले की थांबून ते तिला म्हणू द्या. चौथ्या दिवशी एका मोठ्या तावावर ते दोन चरण एकाखाली एक लिहा. अक्षरे तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी असावीत, दोन शब्दांमध्ये बोटभर जागा असावी आणि प्रत्येक ओळीत चारच शब्द यावेत. मग तिला म्हणायला सांगा आणि म्हणता म्हणता शब्दाखाली बोट फिरवायला सांगा. पहिल्या वेळी बोट आणि आवाज जुळत नाहीत. तोंडात ‘शेणाचं’ आलेले असते आणि बोट अजून ‘होतं’वरच असते. तिला लगेच सुधारू नका. मुलांना ते स्वतःलाच खटकते, ती ओळीच्या सुरुवातीला परत येतात आणि पुन्हा म्हणतात. आवाज आणि बोट ज्या दिवशी जुळतात, त्या दिवशी मुलाला कळते की बोललेला प्रत्येक शब्द कागदावर आपापल्या जागी बसलेला आहे. वाचनातला हा मोठा टप्पा आहे, आणि अनेक मुलांकडून तो होण्याआधीच आपण त्यांना धड्याकडे ढकलतो.

‘हे तर पाठांतर झाले’ अशी शंका पालक हमखास घेतात. पहिल्या दोन दिवसांपुरते ते खरेच पाठांतर असते. पण त्यानंतर ‘शेणाचं’ आणि ‘मेणाचं’ हे दोन शब्द वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून समोर ठेवा आणि विचारा, काऊचं घर कोणतं? आता पाठांतराचा उपयोग नाही. दोन्ही शब्दांचा शेवट एकच आहे, दोघांवर मात्राही आहे, फरक फक्त ‘श’ आणि ‘म’ यांचा आहे, त्यामुळे तिला नेमके तिथेच बघावे लागते. वर्गात मी यानंतर पहिल्या अक्षराची जागा रिकामी ठेवून फक्त ‘णाचं’ लिहीत असे आणि पुढे काय लावता येईल ते मुलांना विचारत असे. एकदा एका मुलाने ‘पेणाचं’ असे सुचवले. तोवर गप्प बसलेली एक मुलगी लगेच म्हणाली, ‘पेणला गणपती करतात, माझे मामा आणतात.’ तो शब्द फळ्यावर गेला, पाठोपाठ ‘पेण’, ‘मेण’, ‘शेण’ असे तीन शब्द एकाखाली एक आले, आणि बाराखडी म्हणूनही ज्यांना मात्रेचा उपयोग कळला नव्हता त्या मुलांनी ते तिन्ही शब्द कोणी न सांगता वाचले.

इथे मराठी लिपीच्या दोन अडचणी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे पहिली वेलांटी. ‘चिऊ’ म्हणताना ‘च’ आधी ऐकू येतो आणि ‘इ’ नंतर, पण कागदावर वेलांटी ‘च’च्या आधी उभी असते. डावीकडून उजवीकडे अक्षरे लावत जाणारे मूल त्या दांड्यापाशी थबकते, आणि पुष्कळदा तो काना समजून आधीच्या अक्षराला जोडते. ‘चिऊ’ हा शब्द गोष्टीत इतक्या वेळा येतो की तो अख्खा ओळखीचा होतो, आणि पुढे ‘चिमणी’, ‘चिखल’, ‘चिमटा’ हे शब्द त्याच्या आधाराने वाचता येतात. दुसरी अडचण बोलण्याच्या आणि छापण्याच्या भाषेतील अंतराची आहे. आपण ‘शेणाचं’ म्हणतो, पण पुस्तकात बहुधा ‘शेणाचे’ छापलेले असते. कानाने एक शब्द तयार ठेवलेला असतो आणि डोळ्यांना दुसरा दिसतो. म्हणून तावावर आधी बोलण्यातले रूप लिहावे, ते पक्के झाल्यावर पुस्तकातली ओळ दाखवावी आणि ‘पुस्तकात असे लिहितात’ एवढेच सांगावे. मुले हे सहज स्वीकारतात.

पुढचा ताव ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ आणि ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालू दे’ या संवादाचा करा. त्यात ‘माझ्या’ हे जोडाक्षर आले म्हणून घाबरू नका. शाळेच्या क्रमात जोडाक्षरे उशिरा येतात, पण ओठांवर असलेल्या वाक्यातला ‘माझ्या’ हा शब्द मुले चित्रासारखा ओळखतात, आणि नंतर जोडाक्षराचा पाठ आला की तो शब्द त्यांच्या आधीच ओळखीचा असतो. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्टही याच पठडीतली आहे. ‘टुणुक टुणुक’मधले दोन उकार मुले उड्या मारत शिकतात. मात्र ‘म्हातारी’ शब्द जोडाक्षरानेच सुरू होतो, म्हणून ही गोष्ट दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी.

आता आणलेल्या पुस्तकांकडे येऊ. परदेशी परीकथांमध्येही अशी पालुपदे असतात, ती हेरावीत. लाल टोपीवालीच्या गोष्टीत मुलगी आजीच्या वेषातल्या लांडग्याला विचारते, ‘आजी, तुझे कान एवढे मोठे कसे?’ मग डोळे, मग हात, मग दात. मराठीत हे चारही शब्द ‘तुझे’ आणि ‘मोठे’ यांच्याशी जुळतात, त्यामुळे अख्खे वाक्य तसेच राहते आणि एकच शब्द बदलतो. वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी याहून चांगली मांडणी मी शोधूनही काढू शकले नसते. वाक्य एकदाच लिहावे, ‘कान’च्या जागी खिडकी कापावी आणि मागून कागदाची पट्टी सरकवावी. माझ्या वर्गातल्या मुलांनी पट्टीवर ‘नाक’ लिहून घेतले आणि वाचताना स्वतःहून ‘आजी, तुझं नाक एवढं मोठं कसं?’ असा बदल केला. त्यांच्या कानात व्याकरण आधीपासून होते. कागदावर ‘मोठे’ लिहिलेले असताना आपण ‘मोठं’ का म्हणालो, याची चर्चा मग बराच वेळ चालली.

पुस्तक निवडताना एक पान स्वतः मोठ्याने वाचून पाहा. भाषांतरित परीकथांमध्ये वाक्ये कधी कधी अशी ताठर असतात की मोठ्यांचीही जीभ अडखळते. तसे झाले तर चित्रे दाखवून गोष्ट आपल्या शब्दांत सांगा आणि पालुपदाचा ताव स्वतः लिहा. इंग्रजी पुस्तकेही घरात असतील तर असू द्यात, पण एका गोष्टीवर काम चालू असेपर्यंत ती एकाच भाषेत ठेवावी.

दुसरा प्रश्न जीवनमूल्यांचा आहे आणि त्याबद्दल मला आस्थेने बोलायचे आहे. इसापनीतीच्या छापील कथेखाली ‘तात्पर्य’ असा मथळा असतो, तो पाहून आपली पिढी वाढली, म्हणून प्रत्येक गोष्टीखाली तशी एक ओळ असायलाच हवी असे आपल्याला वाटते. तात्पर्य सांगितले की मुलाला विचार करण्याचे कारण उरत नाही. ‘एकमेकांना मदत करावी’ हे वाक्य पहिलीतले मूल पाच सेकंदांत म्हणून दाखवते आणि त्याचा त्याच्या मनावर काहीही परिणाम झालेला नसतो. त्याऐवजी चिऊ-काऊची गोष्ट झाल्यावर असे विचारून पाहा: ‘चिऊने कितव्या हाकेला दार उघडायला हवं होतं?’

हा प्रश्न मी वर्गात पहिल्यांदा विचारला तेव्हा मुले तावाकडे धावली, कारण हाका किती आहेत हे मोजायचे होते. बोट ठेवून ‘दार उघड’ कुठे कुठे आहे ते त्यांनी शोधले. वाचन न सांगता सुरू झाले. मग वाद लागला. एक मुलगी म्हणाली, पहिल्या हाकेलाच उघडायचं, तो भिजतोय. दुसरी म्हणाली, बाळ ओलं होतं, वारा आला असता. एका मुलाने सांगितले, दार उघडून पण आंघोळ घालता येते, माझी आई घालते. एक मुलगा उशिरा बोलला. त्याच्या घराचे पत्रे पावसाळ्यात गळायचे हे मला ठाऊक होते. तो म्हणाला, ‘काऊला कोणी आधी सांगितलं नाही का, शेणाचं घर वाहून जातं म्हणून?’ मी त्यावर काही बोलले नाही आणि निकालही दिला नाही. मदत कधी करायची, स्वतःचे काम आणि दुसऱ्याची अडचण यांत आधी काय, संकट येण्याआधी कोणी सावध करायला हवे होते का, हे सगळे प्रश्न त्या मुलांनी स्वतः मांडले होते, आणि मी तात्पर्य सांगितले असते तर त्यांतला एकही निघाला नसता.

भोपळ्याच्या गोष्टीनंतर ‘म्हातारी खोटं बोलली का?’ असे विचारावे. वाघाला तिने ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ असा शब्द दिला होता आणि परतताना ती भोपळ्यात लपून आली. मुले इथे अडखळतात, कारण घरी ‘खोटे बोलू नये’ हे शिकवलेले असते आणि म्हातारी वाचावी असेही त्यांना मनापासून वाटत असते. ती ओळ काढून वाचायला लावावी: नेमके काय म्हणाली ती? यावर तुमचे मत मुलीने विचारले तर जरूर सांगा, पण तिने विचारल्यावर. माझे मत मी सांगते ते असे, की जिवावर उठलेल्याला दिलेला शब्द आणि मैत्रिणीला दिलेला शब्द मी सारखा मानत नाही. सहा वर्षांच्या मुलाला हा फरक पूर्ण कळतो.

जुनी गोष्ट म्हणजे चांगले संस्कार, असे गृहीत धरू नये, हेही सांगायला हवे. पंचतंत्राच्या चौकटीत विष्णुशर्मा अमरशक्ती राजाच्या तीन मुलांना सहा महिन्यांत शहाणे करून दाखवतो, पण तिथे शिकवलेली नीती राज्यकारभारात टिकून राहण्याची आहे. पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या भागाच्या शेवटी सिंह आणि बैल यांच्या मैत्रीत फूट पाडणारा दमनक कोल्हा सुखाने मंत्रिपद उपभोगतो. ही कथा मोठ्या मुलांसाठी उत्तम आहे. सहाव्या वर्षी सिंह आणि ससा, माकड आणि मगर एवढे पुरे.

भयंकर प्रसंगांबद्दल. ‘मूळ कथा बदलू नये’ असा आग्रह कोणी धरला तर त्यांना सांगावे की या कथा सतत बदलत आल्या आहेत. फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी 1697 मध्ये लाल टोपीवालीची कथा छापली, तिच्यात लांडगा मुलीला खातो आणि कथा तिथेच संपते. खाली गोडबोल्या लांडग्यांपासून मुलींनी सावध राहावे अशी पद्यात शिकवण जोडलेली आहे. जर्मनीत ग्रिम बंधूंच्या 1812 च्या संग्रहात शिकारी येऊन लांडग्याचे पोट फाडतो आणि आजी-नात जिवंत बाहेर येतात. आपण सांगतो ती बहुधा ही दुसरी कथा. त्याच संग्रहात हिमगौरीचा छळ करणारी राणी तिची सख्खी आई होती. 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. जंगलात सोडलेल्या हॅन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांची आई 1840 च्या आवृत्तीत सावत्र झाली. आईचे नाव खराब होऊ नये म्हणून केलेल्या त्या बदलाचा भार पुढे जगभरच्या सावत्र आयांवर पडला.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी वर्गात कळले होते. जंगलात सोडलेल्या मुलांची गोष्ट मी सांगितली त्या दुपारी एक मुलगा खिचडीच्या रांगेत उभा राहिला नाही. वर्गात बसून राहिला होता. जवळ गेल्यावर त्याने विचारले, ‘बाई, माझी नवी आई पण सोडेल का?’ त्याच्या वडिलांचे दुसरे लग्न नुकतेच झाले होते आणि मला त्याची कल्पना होती, तरी गोष्ट सांगताना माझ्या ध्यानात आले नाही. चूक माझी होती. त्यानंतर मी ती गोष्ट ‘दुष्काळ पडला होता, घरात दाणा नव्हता’ इथून सुरू करते आणि मुले जंगलात वाट चुकतात असे सांगते. त्यात काहीही कमी होत नाही.

माझा नियम असा आहे की गोष्टीतली भीती ठेवावी, पण माणसांवरचे शिक्के काढावेत. लांडगा खातो हे सांगा, मात्र पहिल्यांदा दिवसा, मुलीला जवळ घेऊन सांगा आणि शिकारी आल्याशिवाय गोष्ट थांबवू नका. ती तोच प्रसंग पुन्हा पुन्हा मागेल, कारण शेवट माहीत असलेली भीती हाताळून पाहणे तिला हवे असते. ‘चेटकीण’ शब्दाबद्दल मात्र मी सावध असते. आपल्याच राज्यात नंदुरबारसारख्या भागात बायकांना डाकीण ठरवून छळले गेले आहे आणि त्याविरुद्ध कार्यकर्त्यांना आजही काम करावे लागते. गावातली एकटी, म्हातारी, वाकलेली बाई आणि ‘चेटकीण’ यांची जोडी मुलाच्या मनात जमू नये म्हणून मी ‘जादूगारीण’ म्हणते आणि तिला म्हातारी करत नाही. हिमगौरीच्या गोष्टीत गोरेपणाचे कौतुकही मी टाळते. वर्गात पुढच्या बाकावर बसलेल्या सावळ्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत ते वाक्य म्हणणे मला जमलेले नाही.

आणि एक काम गोष्टीवर सोपवू नये. लाल टोपीवालीतून ‘अनोळखी माणसाशी बोलू नये’ हे शिकवले की मुलीच्या सुरक्षिततेचे शिक्षण झाले, असे पालक धरून चालतात. गोष्टीतला लांडगा अनोळखी असतो, प्रत्यक्षात मुलांना त्रास देणारा माणूस पुष्कळदा घरातला किंवा ओळखीचा असतो. शरीराचे कोणते भाग कोणी हात लावायचे नाहीत, कोणी लावला तर तुम्हाला येऊन सांगायचे आणि तुम्ही रागावणार नाही, हे साध्या शब्दांत, रूपकाविना सांगा. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, हेही तिला ठाऊक असू द्या.

वेळ किती द्यावा, तर रोज पंधरा मिनिटे, आणि एका गोष्टीला दहा-बारा दिवस. तिने कंटाळा दाखवला तर ताव गुंडाळून नुसती गोष्ट सांगा. तीन-चार महिने असे करूनही ओळखीचा शब्द दुसऱ्या कागदावर तिला अनोळखी वाटत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि मग विशेष शिक्षकांचा सल्ला घ्या. धाक दाखवून किंवा जास्त वेळ बसवून ती अडचण सुटत नाही.

पहिली गोष्ट पक्की झाली की शेवट तिला बदलायला सांगा आणि ती बोलेल ते तिच्याच शब्दांत, एकही शब्द न सुधारता, मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. पत्रे गळणाऱ्या घरातल्या त्या मुलाने सांगितलेला शेवट मी अजून जपून ठेवला आहे: ‘काऊने दगडाचं घर केलं. चिऊ बाळाला घेऊन आली. काऊने लगेच दार उघडलं.’ दुसऱ्या दिवशी त्याने ती तीनही वाक्ये वर्गासमोर उभे राहून वाचली. ‘उघडलं’ या शब्दापाशी तो थांबला, वरच्या तावावर ‘दार उघड’ शोधून आला आणि पुढे वाचू लागला.